फ्लॅटला ऑफर आलीय आणि ब्रोकर घाई करतोय: पहिल्यांदाच घर विकणाऱ्यांसाठी

"पार्टी खाली गाडीतच बसलीय. एक बाराला हो म्हणा, आत्ता टोकन घेऊन वर येतो."

पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात फ्लॅट विकायला काढला की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. एक बारा म्हणजे एक कोटी बारा लाख, आणि टोकन म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम. तुमच्या मनात एक वीस असतात. ब्रोकर दारात उभा असतो, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराचा निर्णय चपला घालून उभ्या-उभ्या मागितला जातो. तो तसा द्यायचा नाही, एवढं आधी घरात सगळ्यांचं ठरू द्या. त्यासाठी काय तयारी लागते आणि ऑफर आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे देतोय. हिशोबाला एकच उदाहरण धरू: कोथरूडमधला ७०० चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेचा) टूबीएचके, अपेक्षा १ कोटी २० लाख, ऑफर १ कोटी १२ लाख, आणि २८ लाखांचं गृहकर्ज अजून शिल्लक.

ब्रोकरला घाई का असते

पुनर्विक्रीत ब्रोकर साधारण १ ते २ टक्के दलाली घेतो, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. १ टक्का धरा. एक वीसला विकलं तर तुमच्याकडून त्याला १,२०,००० मिळतात, एक बाराला विकलं तर १,१२,०००. तुमचे ८ लाख जातात तेव्हा त्याचे ८,००० जातात. खरेदीदाराकडूनही १ टक्का मिळणार असेल तर एकूण १६,०००. व्यवहार मोडला तर मात्र त्याचे सव्वादोन लाख बुडतात. त्यामुळे भाव थोडा खाली येऊन सौदा आजच पक्का होणं हे त्याच्या दृष्टीने रास्तच असतं. यात लबाडी असेलच असं नाही. चांगला, सचोटीचा ब्रोकरसुद्धा याच गणितात काम करतो. म्हणून त्याच्यावर चिडू नका. पण भाव ठरवताना त्याचा सल्ला हा एका पक्षाचा सल्ला आहे, हे धरून चाला.

याहून वाईट प्रकार म्हणजे "तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचं आमचं." याला हो म्हटलंत की खरेदीदार खरोखर किती द्यायला तयार आहे हे तुम्हाला कळणारच नाही. दलाली टक्क्यात ठरवा आणि लेखी ठरवा. जीएसटी नोंदणी असलेला ब्रोकर त्यावर १८ टक्के लावेल, तेही आधीच विचारून घ्या. आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा. जुन्या इमारतीतला फ्लॅट विकायला तो कायद्याने लागतोच असं नाही, पण क्रमांक असलेल्या एजंटाने महारेराचं प्रशिक्षण आणि परीक्षा पार केलेली असते. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो.

ऑफर येण्याआधी: भाव स्वतः काढा

दबावाखाली माणूस घसरतो तो स्वतःचा आकडा पक्का नसल्यामुळे. पोर्टलवरच्या जाहिरातींचे भाव म्हणजे विकणाऱ्यांच्या अपेक्षा. खरा व्यवहार कितीला झाला ते 'इंडेक्स टू'मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात (सूची क्रमांक २) दिसतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) क्रमांक टाकला की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. तुमचा सर्व्हे क्रमांक तुमच्याच करारनाम्यात असतो. संकेतस्थळ कधी अडकतं. सकाळी लवकर बसा.

उघडलेल्या इंडेक्स टूमध्ये चार नोंदी बघा: 'मोबदला', 'बाजारभाव', 'क्षेत्रफळ' आणि दस्त नोंदणीची तारीख. मोबदला म्हणजे खरेदीदाराने दस्तात कबूल केलेली किंमत. बाजारभाव हा रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून काढलेला आकडा असतो, त्याला विक्रीचा भाव समजू नका. गेल्या वर्ष-दीड वर्षातले तुमच्या सोसायटीतले आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींतले पाच-सहा दस्त मिळाले तरी पुरे. काही दस्तांत किंमत मुद्दाम कमी दाखवलेली असते, म्हणून एखादाच आकडा फार खाली दिसला तर तो बाजूला ठेवा.

आता मापाचा मुद्दा, कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते. समजा ब्रोकर म्हणतो, "तुमच्या बिल्डिंगचा रेट १४,००० चाललाय." ऐकायला ठीक वाटतं. तुम्ही ७०० ने गुणता आणि ९८ लाख येतात. पोटात गोळा येतो, आणि एक बारा एकदम मोठे वाटायला लागतात. पण हा १४,००० चा रेट बिल्टअपचा, म्हणजे भिंती धरून मोजलेल्या जागेचा असेल आणि तुमच्या जुन्या करारनाम्यात बिल्टअप ८४० लिहिलं असेल, तर किंमत होते १ कोटी १७ लाख ६० हजार. एका शब्दाने १९ लाख ६० हजारांचा फरक पडला. म्हणून कोणीही रेट सांगितला की लगेच विचारा: "कार्पेटवर, बिल्टअपवर की सुपर बिल्टअपवर?" (सुपर बिल्टअपमध्ये जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही धरलेली असते.) आणि गोळा केलेले सगळे दस्त एकाच मापात आणून ठेवा.

थांबण्याची किंमतही काढा

"थांबलात तर तुमचंच नुकसान आहे," असं ब्रोकर सांगतो. खरं आहे, थांबायला पैसे लागतात. मग ते किती, हे मोजूनच टाकू. फ्लॅट रिकामा आहे असं धरू. २८ लाखांच्या कर्जावर ८.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज सुमारे १९,८००. मेंटेनन्स ३,५००. कर्ज फेडून उरणारे ८४ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत असते तर महिन्याला ४५,५०० मिळाले असते, तेही बुडतात. एकूण जवळजवळ ६८,८००. म्हणजे आज ८ लाख सोडणं हे साडेअकरा महिने थांबण्याइतकं महाग आहे. तुम्ही त्याच घरात राहत असाल तर थांबणं आणखी स्वस्त पडतं, कारण तुमचं भाडं वाचतंय.

हाच हिशोब उलटही सांगतो. ऑफर एक अठराची असेल तर फरक फक्त २ लाखांचा, म्हणजे तीन महिन्यांचाही नाही. तिथे ताणून धरण्यात अर्थ नाही.

यावरून तीन आकडे ठरवा आणि वहीत लिहा: मागायचा भाव, जिथे आनंदाने द्याल तो भाव, आणि ज्याखाली कोणत्याही परिस्थितीत द्यायचं नाही तो भाव. तिसरा आकडा ब्रोकरला सांगायचा नाही. एकदा सांगितलात की पुढच्या सगळ्या ऑफर त्याच्याच आसपास येतात. विकण्याचं कारणही सांगू नका. मुलीची फी, दुसरीकडे बुक केलेला फ्लॅट, परदेशी जायची तारीख, यातलं काहीही कळलं की ते वाटाघाटीत वापरलं जातं. "घाई नाही, योग्य भाव आला तर देऊ," एवढं पुरतं.

सहमालक असतील तर सगळ्यांनी एकत्र बसून हे आकडे ठरवा. नवरा ऑफिसात असताना बायकोला, किंवा मुलगा अमेरिकेत असताना इथल्या आईवडिलांना गाठून "ते हो म्हणालेत" असं सांगणं हा नेहमीचा मार्ग आहे. घरातला एकच माणूस ब्रोकरशी बोलेल, बाकीचे "त्यांनाच विचारा" म्हणतील, हे ठरवून टाका. मालक अनिवासी असेल तर खरेदीदाराला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) १ टक्क्याने नाही, बराच जास्त कापावा लागतो. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आधी काढायचं की नाही हे टोकनच्या आधी सीएला विचारा. आणि मुखत्यारपत्र ब्रोकरच्या नावाने कधीही करू नका, कितीही ओळखीचा असला तरी.

कागदांची फाइलही आत्ताच लावा: मूळ करारनामा आणि आधीच्या मालकांचे दस्त, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मिळकतकराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती. कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागवून ठेवा. फाइल अर्धवट असली की "कागद क्लिअर नाहीत, म्हणून पार्टी कमी देतेय" असं म्हणायला जागा मिळते. कर्ज शिल्लक असणं हा दोष नाही. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे देते, असे व्यवहार रोज होतात. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंडही लागत नाही.

ऑफर आली त्या दिवशी

पहिली गोष्ट, ऑफर लेखी मागा. "साहेब, पूर्ण ऑफर व्हॉट्सॲपवर टाका. उद्या संध्याकाळी सातपर्यंत उत्तर देतो." एवढंच बोला, आणि सातला खरंच उत्तर द्या. वेळ मागून गप्प बसलात तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. ज्याला घर खरोखर आवडलंय तो खरेदीदार एका रात्रीत पळत नाही.

लेखी ऑफरमध्ये हे यायला हवं: खरेदीदाराचं नाव, किंमत, पार्किंग आणि फर्निचर धरून की सोडून, स्वतःचे पैसे किती, कर्ज किती, कर्जाला बँकेची पूर्वमंजुरी आहे का, करारनाम्याची नोंदणी किती दिवसांत, ताबा कधी. आकडा सोडून बाकी काहीच सांगता येत नसेल, तर ती अजून ऑफर नाही, नुसती चाचपणी आहे.

मग खरेदीदाराची ऐपत तपासा. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. एक बाराच्या फ्लॅटला म्हणजे फार तर ८४ लाख. उरलेले २८ लाख खरेदीदाराचे. त्यावर पुण्यात ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ७ लाख ८४ हजार, नोंदणी शुल्क ३० हजार, त्याच्या बाजूची दलाली १ लाख १२ हजार. एकूण ३७ लाखांच्या वर रक्कम त्याच्याकडे कर्जाशिवाय असायला हवी. फ्लॅट एकट्या महिलेच्या नावावर घेत असतील तर मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी, एवढाच फरक. ब्रोकरला सरळ विचारा: "यांचे स्वतःचे सदतीस लाख तयार आहेत, की आधी त्यांचा फ्लॅट विकायचाय?" दुसरं उत्तर आलं तर ती ऑफर कितीही मोठी असो, तिच्या भरवशावर दुसऱ्यांना नाही म्हणू नका.

दोन ऑफर असतील तर नुसता आकडा बघून निवडू नका. एक पंधरा देणारा, पूर्वमंजुरी हातात असलेला, तीन आठवड्यांत नोंदणी करणारा खरेदीदार हा "चार महिन्यांनी बघू" म्हणणाऱ्या एक अठरावाल्यापेक्षा बऱ्याचदा बरा असतो. वरच्या थांबण्याच्या हिशोबाने चार महिन्यांत तीन लाखांपैकी पावणेतीन लाख तसेच संपतात, आणि व्यवहार मोडायची टांगती तलवार वेगळीच.

ठरावीक वाक्यं आणि त्यांना उत्तरं

"पितृपक्ष लागायच्या आत उरकून टाका, नाहीतर दसऱ्यापर्यंत कोणी बघणार नाही." पितृपक्षात टोकन न देणारे खरेदीदार पुष्कळ आहेत, हे खरंच. पण तो पंधरवडा असतो, पाठोपाठ नवरात्र येतं आणि दसरा-दिवाळीला चौकशी पुन्हा वाढते. पंधरा-वीस दिवसांसाठी ८ लाख सोडायचं कारण नाही. अक्षय्य तृतीयेचा किंवा पाडव्याचा मुहूर्त पुढे केला तरी उत्तर तेच: मुहूर्तावर टोकन द्यायचं असेल तर आमच्या भावाला द्या.

"समोरच्या बिल्डिंगमध्ये एक आठला मिळतोय, पार्टी तिकडे जाईल." विचारा: कोणत्या मजल्यावर, कार्पेट किती, लिफ्ट-पार्किंग आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का. खरा फ्लॅट असेल तर उत्तरं मिळतील, आणि ती तुमच्याही उपयोगाची असतील.

"बँकेचं व्हॅल्युएशनच एवढं येईल." व्हॅल्युएशन खरेदीदाराची बँक करते, ब्रोकर नाही. आलेला अहवाल दाखवा म्हणा.

एक प्रकार बोलून होत नाही, करून होतो. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत एकामागून एक तीन-चार पार्ट्या येतात, सगळ्या एक कोटी, एक दोन, एक तीन असं बोलतात. मग पाचवी एक बारा म्हणते आणि ती देवासारखी वाटते. यावर उपाय म्हणजे दाराजवळ एक छोटी वही. प्रत्येक भेटीची तारीख, पाहुण्यांचं नाव, कोणत्या ब्रोकरकडून आले, पहिली भेट की दुसरी, काय ऑफर दिली. एकच खरेदीदार दोन ब्रोकरांकडून आला आणि पुढे दलालीवरून भांडण लागलं, तर हीच वही कामाला येते.

ही वही तुमच्या विरुद्धही साक्ष देऊ शकते, आणि ती ऐकायला हवी. सहा आठवड्यांत पंधरा जण येऊन गेले आणि दुसऱ्यांदा घरच्यांना घेऊन कोणीच आलं नाही, तर तुमचा मागायचा भाव चढा आहे. तेव्हा ब्रोकर भाव उतरवा म्हणतोय तो दबाव नाही, तो बरोबर सांगतोय.

रोखीचा आग्रह

"दस्तात पंच्याण्णव दाखवू, बाकीचे कॅश. सगळे असंच करतात." इथे वाटाघाट नको, थेट नकार द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, आणि यात आगाऊ रक्कमही धरली जाते. दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच. शिवाय सरकारी बाजारमूल्य दस्तातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं तर भांडवली नफा सरकारी मूल्यावरच मोजला जातो. ब्रोकर यात कुठेच सापडत नाही, सही तुमची असते. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरतो. ते कमी दिलेले पैसे नाहीत, कर विवरणपत्रात वळते होतात.

टोकन घेताना

टोकन ही सगळ्यात निसरडी पायरी. ५१ हजारांचा चेक हातात ठेवून "फक्त बुकिंग आहे, बाकी नंतर बोलू" असं सांगितलं जातं. टोकन घेतल्यावर बाजारात तुमचा फ्लॅट 'गेलेला' असतो, आणि "बाकी"च्या प्रत्येक मुद्द्यावर तुमचाच हात दगडाखाली असतो. पुढे तुम्हीच माघार घेतली, तर खरेदीदार करार पुरा करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. म्हणून सगळं आधी ठरवा आणि मगच टोकन घ्या.

विसार पावतीवर, म्हणजे टोकनच्या पावतीवर, पूर्ण किंमत अंकी आणि अक्षरी, हप्त्यांच्या तारखा, करारनामा नोंदवण्याची शेवटची तारीख, पार्किंग आणि जागेवर राहणाऱ्या वस्तू, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कोणाचं, हे सगळं लिहा. महापालिका हद्दीत सोसायटीला २५,००० पेक्षा जास्त हस्तांतरण प्रीमियम घेता येत नाही, तेव्हा त्यावरून कोणी भाव पाडत असेल तर हा आकडा सांगा. खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, त्याने कारण नसताना माघार घेतली तर काय, तुम्ही घेतली तर काय, ही तीन वाक्यं हमखास राहून जातात आणि भांडणं त्यांच्यावरूनच होतात. रक्कम चेकने किंवा आरटीजीएसने, मालकाच्याच खात्यात. ब्रोकरकडे टोकन "ठेवायला" द्यायचं नाही. सगळ्या सहमालकांच्या सह्या झाल्याशिवाय पावती सोडू नका, आणि सही करण्याआधी ती वकिलाला दाखवा. वकिलाला वाचायला एक दिवस देणं ज्या खरेदीदाराला खपत नाही, त्याच्याशी पुढचे दोन महिने काढणं अवघडच जातं.

दलाली याच वेळी लिहून घ्या: अर्धी करारनामा नोंदल्यावर, अर्धी पूर्ण रक्कम मिळून ताबा दिल्यावर. टोकनच्या दिवशी पूर्ण दलाली दिली की पुढच्या अडचणी सोडवायला ब्रोकर फोन उचलेलच याची खात्री नाही. आणि चावी खरेदीदाराला शेवटचा रुपया जमा झाल्यावरच. "रंगकाम तेवढं सुरू करू द्या" ही विनंती साधी वाटते, पण ताबा गेला की उरलेल्या पैशांसाठी तगादा तुम्हालाच लावत बसावं लागतं.

नाही म्हणताना

फोनवर वाद नको, निरोप लेखी पाठवा: "ऑफरबद्दल धन्यवाद. १ कोटी १२ लाखांना देणं शक्य नाही. १ कोटी १८ लाख, २१ दिवसांत नोंदणी, रोख व्यवहार नाही, या अटींवर तयार आहोत. आपली पार्टी तयार असेल तर शनिवारपर्यंत कळवा." यात दार उघडं राहतं, आकडा तुमचा राहतो आणि तारीखही तुमचीच.

त्यानंतरही दिवसाला सहा फोन येत असतील, आईवडिलांना गाठलं जात असेल किंवा न विचारता पार्ट्या दारात आणल्या जात असतील, तर काम थांबवल्याचं लेखी कळवा आणि चावी त्याच दिवशी परत घ्या. चावीच्या नकला निघाल्या असण्याची शक्यता धरून रिकाम्या फ्लॅटचं कुलूप बदला. एक्सक्लुझिव पत्रावर (विक्रीचं काम फक्त त्याच ब्रोकरला दिल्याच्या पत्रावर) सही केली असेल तर त्याची मुदत बघा. असं पत्र देताना ६० दिवसांपेक्षा जास्त मुदत लिहू नका, आणि "मुदतीनंतर कोणीही विकलं तरी दलाली लागू" अशी ओळ असेल तर ती खोडून "ब्रोकरने मुदतीत लेखी नाव कळवलेल्या खरेदीदारांपुरतीच" असं लिहून घ्या. त्या नावांची यादी काम थांबवतानाच मागा, आणि दाराजवळच्या वहीशी ताडून बघा.